'शास्त्रज्ञ' आणि 'शास्त्रज्ञपदी' : विज्ञानक्षेत्रातील पदनामांचा घोळ

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपली कन्या रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन पुण्यातील एका शासकीय संशोधन संस्थेत 'प्रोजेक्ट असोसिएट' म्हणून रुजू झाली. तालुक्याच्या वर्तमानपत्राने 'शास्त्रज्ञपदी निवड' असा मथळा देऊन तिचे छायाचित्र छापले. ते कात्रण व्हॉट्सॲपवरून फिरत फिरत संस्थेत पोहोचले आणि तेथील वरिष्ठांनी तिला बोलावून "हे तुम्ही सांगितलेत का?" असे विचारले. ती ओशाळली आहे आणि आपण रागावला आहात, कारण दिवसभर प्रयोगशाळेत उभे राहून संशोधन करणारी मुलगी शास्त्रज्ञ नाही तर कोण, असे आपले म्हणणे आहे. शास्त्रज्ञ, वैज्ञानिक, विज्ञानी आणि संशोधक यांपैकी नेमका शब्द कोणता, हेही आपण विचारले आहे.

मी एका शासकीय प्रयोगशाळेत वैज्ञानिक सहायक म्हणून लागलो आणि एकतीस वर्षांनी वैज्ञानिक अधिकारी म्हणून निवृत्त झालो. शेवटच्या काही वर्षांत भरतीच्या अर्जांची छाननी माझ्याकडे होती आणि संस्थेची मराठी प्रसिद्धिपत्रकेही बहुधा मीच लिहीत असे, त्यामुळे हा घोळ मी दोन्ही बाजूंनी पाहिला आहे. आपल्या प्रकरणात मथळा चुकला, यात शंका नाही. मात्र चूक 'शास्त्रज्ञ' या शब्दात नसून त्याला चिकटलेल्या 'पदी' या दोन अक्षरांत आहे. 'तरुण शास्त्रज्ञ' असे छापले असते तर कोणी फार तर हसून सोडून दिले असते. 'शास्त्रज्ञपदी निवड' या शब्दांचा अर्थ मात्र असा होतो की संस्थेच्या आस्थापनेवर 'शास्त्रज्ञ' नावाचे मंजूर पद आहे, त्याची जाहिरात निघाली, निवड समिती बसली आणि आपल्या कन्येची त्या पदावर नेमणूक झाली. यातले काहीही घडलेले नाही, आणि ज्यांना त्या पदासाठी पीएच.डी.नंतरही चार-चार वर्षे ताटकळावे लागले आहे त्यांना ते कात्रण बोचले असेल, हे आपणही समजू शकाल.

मराठीत 'शास्त्रज्ञ' हा शब्द एकाच वेळी पेशा सांगतो आणि केंद्र सरकारच्या कित्येक संस्थांत तो पदनामाचा अनुवाद म्हणूनही वापरला जातो. वकिलीत ही अडचण येत नाही, कारण 'वकील' म्हटले की पेशा कळतो आणि 'सरकारी अभियोक्ता' म्हटले की पद कळते. विज्ञानात पेशा आणि पद यांना एकच शब्द पडला, आणि त्यातही प्रत्येक संस्थेने पदाचे नाव आपापल्या सोयीने ठेवले.

ही नावे किती वेगवेगळी आहेत ते पाहा. समजा, एकाच वर्गातले तिघे मित्र बी.टेक. होऊन एकाच वर्षी केंद्राच्या सेवेत लागले. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेतून बाहेर पडलेला 'सायंटिफिक ऑफिसर सी' होतो, डीआरडीओत, म्हणजे संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेत, गेलेला 'सायंटिस्ट बी' होतो आणि इस्रोत गेलेल्याच्या नेमणूकपत्रावर 'सायंटिस्ट/इंजिनिअर एससी' असे लिहिलेले असते. तिघांचीही वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगाप्रमाणे दहाव्या स्तराची आणि मूळ वेतन ५६,१०० रुपये, म्हणजे तिघे अगदी एका पायरीवर. डीआरडीओतला 'सायंटिस्ट सी' मात्र अकराव्या स्तरावर असतो, म्हणजे भाभा केंद्रातल्या 'सी'पेक्षा एक पायरी वर. अक्षर तेच, पायरी वेगळी. सीएसआयआरच्या, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या, प्रयोगशाळांत ही अक्षरे पूर्वी होती, आता तेथे 'सायंटिस्ट', 'सीनिअर सायंटिस्ट', 'प्रिन्सिपल सायंटिस्ट', 'सीनिअर प्रिन्सिपल सायंटिस्ट' आणि 'चीफ सायंटिस्ट' अशी शब्दांची शिडी आहे, आणि तिची पहिली पायरीच अकराव्या स्तरावर, ६७,७०० रुपयांपासून सुरू होते. म्हणूनच तेथे 'सायंटिस्ट' हा शब्द कोणतेही विशेषण न लावता वापरला तरी तो नेमक्या एका पदाचा निर्देश करतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तर 'सायंटिस्ट' या शब्दाला बगल देऊन 'रीडर', 'असोसिएट प्रोफेसर', 'प्रोफेसर' अशी विद्यापीठी नावे वापरतात. इतर विद्यापीठांतून 'रीडर', म्हणजे आपला जुना 'प्रपाठक', सहाव्या वेतन आयोगानंतर नाहीसा झाला आणि त्याच्या जागी 'सहयोगी प्राध्यापक' आला. त्यामुळे कुलाब्याच्या संस्थेतला 'रीडर' हा हुद्दा ऐकून बाहेरच्या माणसाला वाटते की हे गृहस्थ कुठल्या ग्रंथालयात असावेत.

त्यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. वैज्ञानिकांच्या बढतीचे नियम इतर सरकारी नोकरीसारखे नाहीत. वरची जागा रिकामी होण्याची वाट न पाहता, ठरावीक वर्षांनी कामाचे मूल्यमापन करून, माणूस आहे त्याच टेबलावर वरच्या श्रेणीत नेला जातो. त्यामुळे 'डी'चा 'ई' झाला म्हणजे काम बदलले, हाताखाली माणसे आली किंवा खोली मोठी मिळाली, असे काहीही समजू नये. माझ्या एका सहकाऱ्याच्या तीन बढत्या झाल्या आणि तिन्ही वेळा त्याच्या दारावरची पाटी तेवढी बदलली, आतला वर्णपटमापक तोच राहिला.

आता आपल्या कन्येच्या पदाकडे येऊ. 'प्रोजेक्ट असोसिएट' ही संस्थेच्या आस्थापनेवरची जागा नसते. एखाद्या शास्त्रज्ञाला ठरावीक मुदतीचा प्रकल्प मंजूर होतो, त्या प्रकल्पाच्या निधीतून मनुष्यबळ घेतले जाते आणि प्रकल्प संपला की नेमणूकही संपते. पूर्वी अशा जागांनाही सर्रास 'जेआरएफ', म्हणजे 'ज्युनिअर रिसर्च फेलो', म्हणत. त्यामुळे राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन स्वतःच्या नावावर शिष्यवृत्ती मिळवलेला जेआरएफ आणि प्रकल्पातून पगार घेणारा जेआरएफ यांत कागदावर फरकच दिसत नसे. आता बहुतेक प्रकल्पांत 'असोसिएट' हे नाव वापरल्यामुळे तो फरक दिसतो, आणि माझ्या मते ही सुधारणा आहे, जरी 'असोसिएट' या शब्दाने विमा कंपनीची आठवण होत असली तरी. जेआरएफला मराठीत 'कनिष्ठ संशोधन अधिछात्र' म्हणतात. १ जानेवारी २०२३ पासून त्याला महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी वरिष्ठ अधिछात्र झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात. हे वेतन नसून अधिछात्रवृत्ती असते, म्हणजे ही व्यक्ती तत्त्वतः कर्मचारी नसून विद्यार्थी असते. 'फेलो' या शब्दाची गंमत अशी की पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही 'फेलो' असतो आणि भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आलेला साठीतला प्राध्यापकही 'फेलो'च असतो. सत्काराच्या निमंत्रणपत्रिकेत नुसते 'फेलो' छापू नये, एवढे मी आयोजकांना आवर्जून सांगत असे.

आपला मुद्दा मात्र तरीही उरतो : काम संशोधनाचे असेल तर नाव का नाही? या मुद्द्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच आपल्या कन्येच्या वरिष्ठांशीही मी पूर्णपणे सहमत नाही. पदनामावरून माणसाचे वैज्ञानिकपण ठरवायचे तर कित्येक मोठी नावे गळतील. कमला सोहोनी १९३९ साली केंब्रिजहून पीएच.डी. घेऊन परतल्या. पुढे त्यांनी कुन्नूरच्या पोषणविषयक प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून, मुंबईच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आणि अखेरीस तेथेच संचालक म्हणून काम केले. या पदांपैकी एकाही पदाच्या नावात 'शास्त्रज्ञ' नाही. अब्दुल कलाम यांची पहिली नेमणूक १९५८ साली 'सीनिअर सायंटिफिक असिस्टंट' या पदावर झाली होती आणि त्यांचे शिक्षण वैमानिक अभियांत्रिकीचे होते. वसंत गोवारीकर हे रासायनिक अभियंते. अग्निबाणाच्या घन इंधनापासून मॉन्सूनच्या प्रारूपापर्यंत त्यांनी काम केले, विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक, केंद्रात सचिव आणि पुणे विद्यापीठाचे कुलगुरू अशी पदे भूषवली, आणि तरीही मराठी माणूस त्यांना 'शास्त्रज्ञ गोवारीकर' असेच म्हणतो. लोकांनी दिलेले हे नाव नेमणूकपत्रावर अवलंबून नसते आणि ते कोणी काढूनही घेऊ शकत नाही. फक्त ते स्वतःच्या सहीखाली लिहायचे नसते.

सही म्हटल्यावर, पदनाम काटेकोर का लागते ते न्यायालयात सर्वांत स्पष्ट दिसते. आपल्याकडे पोलिसांच्या तोंडी 'सीए रिपोर्ट' हा शब्द असतो. नवख्या वार्ताहराला वाटते की चार्टर्ड अकाउंटंटचा अहवाल आला, पण तो असतो रासायनिक विश्लेषकाचा, म्हणजे 'केमिकल ॲनलायझर'चा. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम २९३ मध्ये, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ मध्ये, कोणकोणत्या शासकीय वैज्ञानिक तज्ज्ञांचा अहवाल त्यांना साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून वापरता येतो, याची पदनामांची यादीच दिलेली आहे. तीत शासनाचे रासायनिक परीक्षक व सहायक रासायनिक परीक्षक आहेत, अंगुलिमुद्रा कार्यालयाचे संचालक आहेत, मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक आहेत, न्यायवैद्यक प्रयोगशाळांचे संचालक, उपसंचालक व सहायक संचालक आहेत. या यादीत 'सहसंचालक' हा शब्द नाही. एवढ्या कारणावरून सहसंचालकांच्या सहीचा अहवाल ग्राह्य धरावा की नाही, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि सहसंचालक हा उपसंचालकाच्या वरच्या दर्जाचा अधिकारी असल्याने तो कलमात अंतर्भूतच आहे, असा निर्वाळा न्यायालयाला द्यावा लागला. त्या अधिकाऱ्याच्या रसायनशास्त्राच्या ज्ञानाविषयी कोणी शंका घेतली नव्हती. प्रश्न फक्त पाटीवरच्या शब्दाचा होता.

रोगनिदान प्रयोगशाळांची गोष्टही याच जातीची आहे. तपासणी तंत्रज्ञ करतो आणि ती उत्तम करतो, तरी अहवालावर सही कोणाची, यावरून वर्षानुवर्षे भांडण चालले, आणि डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सही विकृतिशास्त्रात, म्हणजे पॅथॉलॉजीत, पदव्युत्तर अर्हता असलेल्या नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाचीच हवी. गावात मात्र आजही प्रयोगशाळा चालवणाऱ्या प्रत्येकाला 'डॉक्टर' म्हणतात, आणि रसायनशास्त्रातल्या पीएच.डी.ला 'डॉक्टर' म्हटले की लगेच कोणी तरी गुडघेदुखीवर औषध विचारतो. 'केमिस्ट' या शब्दाचेही तेच. शहरात तो औषधांच्या दुकानाच्या पाटीवर असतो आणि एमआयडीसीत गुणवत्ता तपासणाऱ्या बी.एस्सी. झालेल्या मुलाच्या ओळखपत्रावर असतो. दोघांपैकी कोणीही स्वतःला रसायनशास्त्रज्ञ म्हणवून घेत नाही.

शेतीच्या क्षेत्रात हा प्रश्न वेगळ्या वळणाने सुटला आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेत १९७५ पासून कृषी संशोधन सेवा आहे आणि तीत 'सायंटिस्ट' हे रीतसर पद आहे. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात मात्र पिकावरची कीड पाहायला बांधावर येतो तो 'विषय विशेषज्ञ' असतो आणि केंद्राचा प्रमुख 'वरिष्ठ शास्त्रज्ञ व प्रमुख' असतो. शेतकरी दोघांनाही 'साहेब' म्हणतो आणि मेळाव्याच्या बातमीत दोघेही 'कृषी शास्त्रज्ञ' होतात. याने कोणाचे नुकसान झाल्याचे मी पाहिले नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने 'कनिष्ठ भूवैज्ञानिक', 'वरिष्ठ भूवैज्ञानिक' अशी पदनामे ठेवली, ती मला सर्वांत चांगली वाटतात, कारण त्यांत विषयही कळतो आणि पायरीही कळते.

आता शब्दांविषयी. 'शास्त्र' हा आपल्याकडे फार रुंद शब्द आहे. व्याकरण हे शास्त्र, धर्मशास्त्र हे शास्त्र, आणि स्वयंपाकाला 'पाकशास्त्र' म्हणायलाही आपण कचरत नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली आपल्या ग्रंथाच्या नावात 'ज्योतिषशास्त्र' हा शब्द वापरला तो मुख्यतः खगोलगणिताच्या अर्थाने. आज तोच शब्द वापरला तर लोक कुंडली घेऊन येतील, आणि म्हणूनच जयंत नारळीकरांसारख्यांसाठी 'खगोलशास्त्रज्ञ', 'खगोलभौतिकशास्त्रज्ञ' हे शब्द रूढ झाले. बाळशास्त्री जांभेकरांच्या नावातले 'शास्त्री' त्यांनी शिकवलेल्या गणितावरून आले नव्हते, ते पारंपरिक विद्येचे बिरुद होते. त्यांच्या पुढच्या पिढीतले केरूनाना छत्रे कुलाब्याच्या वेधशाळेत 'सहायक' होते आणि पुढे पुण्यात 'प्रोफेसर' झाले. त्या काळी मराठीत या पेशाला स्वतंत्र नावच नव्हते, आणि यात आपण मागे होतो असेही नाही. इंग्रजीतला 'सायंटिस्ट' हा शब्दसुद्धा केंब्रिजच्या विल्यम व्ह्यूवेल यांनी १८३३ साली सुचवला, १८३४ साली तो छापून आला, आणि इंग्लंडमधल्या जाणत्या लोकांना तो पुढे कित्येक दशके खटकत राहिला. मायकल फॅरेडे स्वतःला 'नॅचरल फिलॉसॉफर' म्हणवून घेत.

या रुंदपणामुळे 'शास्त्रज्ञ' हा प्रत्ययासारखा कोठेही जोडता येतो : अर्थशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ, वनस्पतिशास्त्रज्ञ. 'भूवैज्ञानिक'सारखे मोजके शब्द सोडले तर 'वैज्ञानिक' तसा जोडता येत नाही. 'अर्थवैज्ञानिक' कोणी म्हणत नाही. मराठीत 'वैज्ञानिक' हे मुळात विशेषण आहे : वैज्ञानिक दृष्टिकोन, वैज्ञानिक उपकरण. नाम म्हणून तो बळावला तो हिंदीतल्या वापरामुळे आणि केंद्राच्या परिभाषेत 'सायंटिस्ट'ला 'वैज्ञानिक' हा पर्याय ठरल्यामुळे. म्हणून केंद्रीय संस्थांच्या द्विभाषिक पाट्यांवर आपल्याला 'वैज्ञानिक' दिसेल आणि त्याच संस्थेच्या मराठी बातमीत 'शास्त्रज्ञ' दिसेल. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच लेखात एका माणसाला आधी वैज्ञानिक आणि पुढच्या परिच्छेदात शास्त्रज्ञ म्हटले की वाचकाला त्या दोन पायऱ्या वाटतात, आणि हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. 'विज्ञानी' हा आटोपशीर शब्द आहे आणि काही लेखक तो आग्रहाने वापरतात. कोणत्याही पदनामाशी त्याचा गोंधळ होत नाही हा त्याचा मोठा गुण, पण तो बोलण्यात उतरलेला नाही. 'संशोधक' या शब्दाला विज्ञानाची मक्तेदारी मान्य नाही. पुण्यात १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, आणि शालेय पुस्तकांनी एडिसनलाही 'संशोधक'च केले. पण माझ्या दृष्टीने हाच शब्द आपल्या कन्येला सर्वांत शोभतो, कारण तो काम सांगतो आणि पद सांगत नाही. 'संशोधिका' असे रूप मुद्दाम करण्याची गरज नाही, 'संशोधक' दोघांनाही चालते.

मराठी पदनामांचा शासनाने केलेला 'पदनाम कोश' निघाला तेव्हा त्याची 'बदनाम कोश' म्हणून थट्टा झाली होती. त्यातले काही शब्द खरोखरच जड होते, पण 'सायंटिफिक ऑफिसर'ला 'वैज्ञानिक अधिकारी' आणि 'सायंटिफिक असिस्टंट'ला 'वैज्ञानिक सहायक' हे पर्याय आज कोणालाही खटकत नाहीत. यांतला 'वैज्ञानिक' हे विशेषण आहे, हे मात्र विसरू नये. मी सहायक असताना आमच्या नात्यात एका लग्नपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'वैज्ञानिक' एवढेच छापले गेले, 'सहायक' जागेअभावी गळले. पुढचे दोन महिने मी कार्यालयात 'वैज्ञानिक साहेब' या नावाने ओळखला जात होतो, त्यामुळे आपल्या कन्येची अवस्था मला अगदी जवळून ठाऊक आहे.

आपण काय करावे, ते सांगतो. अर्ज, अनुभव प्रमाणपत्र, पारपत्र, परदेशी विद्यापीठाकडे पाठवायचा परिचय, अशा प्रत्येक ठिकाणी नेमणूकपत्रावर जे अक्षरशः आहे तेच लिहावे, त्याचा अनुवादसुद्धा करू नये. 'प्रोजेक्ट असोसिएट वन' असेल तर 'वन'ही लिहावे. छाननी करताना आम्ही अर्जातले पदनाम आणि जोडलेल्या प्रमाणपत्रातले पदनाम शेजारी ठेवून पाहत असू, आणि उमेदवाराने 'प्रोजेक्ट असोसिएट'चे 'प्रोजेक्ट सायंटिस्ट' केलेले आढळले की अनुभवाची ती वर्षे वादात पडत, कारण 'प्रोजेक्ट सायंटिस्ट' हे वरच्या अर्हतेचे वेगळे पद आहे. तिने स्वतः हा फेरफार केला नसला तरी वर्तमानपत्राचे कात्रण अर्जाला जोडू नये. तिच्या वरिष्ठांनी विचारणा केली त्यामागे हीच काळजी असण्याचा संभव आहे, त्यांची भाषा सौम्य असायला हवी होती हे खरे असले तरी.

वर्तमानपत्राला रागाचे पत्र लिहू नका. 'शास्त्रज्ञपदी निवड' याऐवजी 'संशोधन प्रकल्पात प्रकल्प सहयोगी म्हणून निवड' असे हवे होते, एवढी दोन ओळींची दुरुस्ती पाठवा. ती छापतील की नाही ते सांगता येत नाही, पण आपण पाठवलेल्या पत्राची प्रत तिने वरिष्ठांना दाखवली तर विषय तेथेच संपेल. आणि तिच्या स्थळासाठी जो परिचय आपण तयार करत आहात, त्यात 'शास्त्रज्ञ, पुणे' या ओळीऐवजी 'एम.एस्सी. रसायनशास्त्र, पुण्यातील शासकीय संशोधन संस्थेत प्रकल्प सहयोगी, पीएच.डी.ची तयारी सुरू' असे लिहा. ओळ थोडी लांबेल, पण मुलाकडचे कोणी त्या संस्थेत ओळखीचे निघाले तर तिला पुन्हा ओशाळावे लागणार नाही.